मदत हवी आहे: हॉलच्या काचेमुळं घरात बसवत नाही

फुलेवाडीकर:
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा कुणीतरी. नवीन घर बांधलंय, वरच्या मजल्यावर हॉलला भिंतभर काच लावलीय, पन्हाळा दिसतो म्हणून. थंडीत भारी वाटत होतं, आता दुपारी तीननंतर हॉलमध्ये कोण पाऊल टाकत नाही. दीड टनाचा एसी आहे, चालूच असतो, बिल येतंय आणि गार काय होत नाही. जाड पडदे पण लावून झाले. सोफ्याचा एका बाजूचा रंग उडालाय, त्यावरनं घरात रोज बोलणी. दोन टनाचा एसी घेऊ का? फक्त हो की नाही सांगा.

तांबडापांढरा:
घ्या की दोन टन. आमच्या दुकानात बसवलाय, गिऱ्हाईक कुडकुडतंय.

निवांत_काका:
हो-नाही नंतर. काच कुठल्या दिशेला, किती बाय किती, उघडते का फिक्स, वर स्लॅब आहे का अजून एक मजला? काहीच लिहायचं नाही आणि उत्तर लगेच पाहिजे.

फुलेवाडीकर:
दिशा सांगितली की. पन्हाळ्याकडं.

निवांत_काका:
म्हणजे वायव्य. मग आलं लक्षात. उन्हाळ्यात सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडं सरकून मावळतो, म्हणजे तुमच्या काचेच्या तोंडावर. दक्षिणेला काच असती तर मे महिन्यात एवढा जाच नसता, कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य पार डोक्यावर असतो, दोन फुटी छज्जा पण सावली देतो. पाच वाजताच्या तिरप्या उन्हाला छज्जा काय करणार? आता माप टाका.

सुगरण_आक्का:
काचेवर पांढरे डाग पडले असतील बघ, बोअरच्या पाण्यानं पडतात. व्हिनेगर आणि पाणी एकत्र करून मऊ फडक्यानं पूस, जातात.

फुलेवाडीकर:
आक्का डागांचं विचारलंच नाही मी. काका, १० फूट रुंद, ८ उंच. १२ एमएम टफन, कोपऱ्यात शिक्का आहे. फॅब्रिकेटर म्हणालेला टफनमधनं गरमी येत नाही.

गणित_पक्कं:
टफन म्हणजे मजबूत, फुटली तर बारीक तुकडे होतात, एवढंच. उन्हाशी संबंध नाही. हिशेब करा, ८० चौरस फूट म्हणजे जवळजवळ साडेसात चौरस मीटर. संध्याकाळच्या समोरच्या उन्हात चौरस मीटरमागं पाचशे-सहाशे वॅट धरा, साध्या काचेतनं त्यातला पाऊण भाग आत. म्हणजे तीन किलोवॅटच्या पुढं. एक टन एसी साडेतीन किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. तुमचा जवळजवळ एक टन नुसत्या काचेलाच जातोय, उरलेल्या अर्ध्या टनात हॉल काय गार होणार?

भावा_थांब:
पडदे आतनं लावून उपयोग न्हाई भावा. ऊन काच ओलांडून आत आलं की पडदा तापणार आणि ती गरमी खोलीतच ऱ्हाणार. अडवायचं ते काचेच्या बाहेर. आमच्या शिरोळकडं पॉलीहाऊस, म्हणजे पिकावरच्या प्लास्टिकच्या शेड असतात, उन्हाळ्यात आत माणूस थांबत नाही, तिथं वरनं शेडनेट ओढतात. तसंच ७५ टक्के ऊन अडवणारं नेट काचेपासनं वीतभर अंतर सोडून लावा, मधनं हवा खेळली पाहिजे, चिकटून लावलं तर फायदा कमी.

तांबडापांढरा:
हिरवं नेट? लाखांचं घर आणि पुढं रोपवाटिका. काळी फिल्म मारा, विषय संपला.

कायदेपंडित:
फिल्मवर बंदी आहे, २०१२ साली सुप्रीम कोर्टानं निकाल दिलाय. पोलीस पावती करतात.

गणित_पक्कं:
ते गाडीच्या काचेला ओ! हॉलमध्ये कोण पोलीस येतोय पावती करायला.

कायदेपंडित:
माहिती दिली. माझ्या गाडीची फिल्म भर चौकात काढायला लावली होती.

गणित_पक्कं:
काळ्या फिल्मनं उजेड जातो, गरमी तेवढी जात नाही, फिल्म स्वतःच तापते आणि काच आतल्या बाजूला ऊब सोडत बसते. दुकानदार 'यूव्ही, म्हणजे अतिनील किरण, ९९ टक्के अडवते' सांगेल, त्याला भुलू नका, उन्हाच्या एकूण ऊर्जेत यूव्हीचा वाटा पाचएक टक्केच. एकूण सौर उष्णता किती अडवते तो आकडा लेखी मागा. तुमची टफन आहे म्हणून ठीक, साध्या काचेला गडद फिल्म मारली की कडा गार, मधला भाग गरम, आणि तडा जातो.

वाळा_आणि_माठ:
जुन्या लोकांना विचारा. वाळ्याचे पडदे, वर पाणी शिंपडायचं. एसी लागतच नाही. आमच्या लहानपणी कोल्हापुरात पंखा सुद्धा कोण लावत नव्हतं.

निवांत_काका:
वाळा भारीच, पण त्यातनं वारा आत आला तर. पडदा ओला, काच बंद, मग नुसती दमट हवा. आणि एकदा वळीव चालू झाला की हवेतच ओल, वाळा काय नि कूलर काय, जोर कमी पडतो. फुलेवाडीकर, काच उघडते का, तिसऱ्यांदा विचारतोय.

फुलेवाडीकर:
दुसऱ्यांदा. नाही उघडत, फिक्स आहे. कडेला दीड फुटी एक खिडकी आहे, ती धुळीमुळं बंदच असते.

निवांत_काका:
ती ऊन गेल्यावर उघडा, समोरच्या बाजूचं दार पण. रात्रीचा वारा तरी आत येऊ दे, भिंती गार व्हायला लागतात. एसीचं नंतर बघा.

वास्तू_बघा:
वायव्येला एवढी काच नको होती, पैसा टिकत नाही.

भावा_थांब:
पैसा बिलात चाललाय, दिसतंय की! नेट नको तर बांबूची चीक टाका, बाहेरनं, गुंडाळणारी. सकाळी वर, पन्हाळा बघत चहा घ्या, दोनला खाली सोडा. खालच्या काठीला दोन्हीकडनं दोरी बांधून अडकवा नाहीतर वळिवाचा वारा ती शेजाऱ्याच्या गच्चीवर नेऊन टाकतोय.

फुलेवाडीकर:
चीक पटली, घरात पण चालेल. पण त्या बाजूला गॅलरी नाही, हात पोचत नाही. रोज परांची बांधू काय?

भावा_थांब:
वर कप्पी मारून दोरी त्या दीड फुटी खिडकीतनं आत घ्या, आतनंच ओढायची. बसवायला एकदाच परांची.

फुलेवाडीकर:
चालतंय. उद्या माणूस बोलावतो मापाला. परांची बांधणारच आहे तर काच पण बाहेरनं पुसून घेतो, आक्का ते व्हिनेगर किती आणि पाणी किती?

सुगरण_आक्का:
निम्मं निम्मं. आणि उन्हात पुसू नको, वाळून परत डाग पडतात.