जुन्या जर्मन चर्चमधली बाकं: ठेवायची की काढायची?

गवंडी:
लंडनच्या व्हाइटचॅपलमधलं सेंट जॉर्ज जर्मन लुथरन चर्च १७६२-६३ चं. त्या भागात स्थायिक झालेल्या जर्मन साखर-कारखानदारांनी उभारलेलं. डेडेरिख बेकमन हा त्यातला मोठा देणगीदार. १९९६ साली तिथली उपासना थांबली. तळमजल्यावर आणि सज्ज्यांत उंच पाठीची, दरवाजे असलेली बाकं जमिनीला जखडलेली आहेत. माझ्या मते तळमजल्यावरची निम्मी काढावीत. जागा मोकळी झाली तर प्रदर्शनं भरतील, भाडं येईल. नाहीतर छपराच्या दुरुस्तीला पैसा आणणार कुठून?

चुनेवाला:
साफ असहमत. बाहेरून ही विटांची साधी इमारत आहे, तिचं मोल आतल्या लाकूडकामात आहे. लुथरन म्हणजे मार्टिन लुथरच्या प्रोटेस्टंट पंथाचे; त्यांच्या उपासनेचा गाभा प्रवचन. म्हणून वेदीमागे उंच प्रवचनपीठ, वर आवाज लोकांकडे वळवणारं लाकडी छत्र, जवळच बायबलमधल्या दहा आज्ञांचे जर्मन फलक. बाकं या मांडणीचाच भाग आहेत. ती काढलीत तर आवाज घुमेल आणि व्याख्यानातलं अक्षर कळणार नाही.

शिवाय अशा बाकांखाली बहुधा तुळयांवर टेकलेला लाकडी तळ असतो, मधल्या वाटेच्या फरशीपेक्षा उंच. बाक उचललं की खड्डा उरतो. तो काँक्रीटने भरला की जमिनीतली ओल वर निघायची वाट बंद होते. मग ती भिंतीत चढते, क्षार फुटतात, गिलाव्याला पोपडे धरतात.

गवंडी:
काँक्रीट हवंय कुणाला? खाली हवा खेळती ठेवून नवा लाकडी तळ घाला. प्रत्येक फळीला क्रमांक द्या, फोटो काढा, बाकं कोरड्या जागी ठेवा. उद्या परत बसवता येतील.

सुतारकाम:
कागदावर हे सोपं वाटतं. शेजारच्या दोन बाकांत आडोसा एकच असतो. एक सोडवलं की दुसऱ्याचा आधार जातो. जुने सांधे उकलताना कुसं, म्हणजे एका लाकडाची दुसऱ्याच्या खाचेत बसणारी टोकं, तुटतात. आणि ‘उद्या परत’ म्हणाल, तर याच चर्चचा घंटेचा मनोरा १९३४ साली उतरवला, तो उतरलाच.

गवंडी:
मनोऱ्याचा मुद्दा मान्य. पण चाकाची खुर्ची त्या अरुंद दारांतून जात नाही, त्या माणसाने वाटेतच बसायचं का?

सुतारकाम:
अजिबात नाही. त्यासाठी वाटेलगतच्या दोन बाकांची दारं बिजागरीतून काढा, आतली बैठक उचला, छोटा उतार द्या. आडोसे जागेवर राहतील. एवढ्याला माझी हरकत नाही. निम्म्या तळमजल्याला आहे.