मदत हवी आहे: घाट उतरताना गिअरमध्ये एनर्जी जाते कुठे?

परवा सप्तशृंगी गडावरून नांदुरीला उतरताना चौथ्या गिअरमध्ये ब्रेकचा जळका वास यायला लागला, थांबून गार केले न मग दुसऱ्यावर घेतली तर ब्रेक जेमतेमच दाबावा लागला. पेट्रोल गाडी, मॅन्युअल, पॅड आणि ब्रेक ऑईल चेक झालंय, तो प्रश्न नाही.

हिशोब केला: माणसं धरून 1200 किलो, उतार समजा 400 मीटर, म्हणजे साधारण 47 लाख ज्यूल. ब्रेकमध्ये याची उष्णता होते हे कळलं. मेकॅनिक म्हणतो 'इंजिन धरतं', बस एवढंच! पण अॅक्सिलरेटर सोडला की पेट्रोल बंद होतं, आणि सिलिंडरमध्ये दाबलेली हवा स्प्रिंगसारखी पिस्टनला परत ढकलतेच की. मग गाडीला नक्की अडवतं कोण, इंजिनमधलं घर्षण की बंद थ्रॉटलमुळे (इंजिनात हवा सोडणारी झडप) हवा ओढायला लागणारा जोर, आणि यात जास्त वाटा कुणाचा?