पेरणीचा निर्णय: भरवसा पांडुरंगावर की स्वतःवर?

टाळकरी (धागाकर्ते):
कोरडवाहू शेतकऱ्याला रोहिणी संपत आल्या की झोप लागत नाही. मागची काही वर्षं बघा. २०२३ चा ऑगस्ट हा देशातला १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला आणि ३१ ऑक्टोबरला राज्यातले ४० तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत पोचला, १९५० पासून इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. नंतर जूनच्या मध्यापर्यंत रेंगाळला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाड्यात उभी पिकं पाण्याखाली गेली.

अशा काळात भरवसा पांडुरंगावर ठेवावा, स्वतःवर नाही, असं माझं ठाम मत आहे. हातपाय हलवू नका असं मी म्हणत नाही. पण "मला पाऊस कळतो, यंदा धरणार" हा आत्मविश्वासच माणसाला पहिल्या वळवावर सगळं रान एका दिवसात पेरायला लावतो. पाऊस माझ्या हातात नाही हे ज्यानं मनापासून मानलं, तो थांबतो. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होईपर्यंत तिफण बाहेर काढत नाही. वीतभर खोल माती उकरून मुठीत दाबतो, लाडू बांधला जातो का पाहतो. रान दोन-तीन तुकड्यांत, पाच-सात दिवसांच्या अंतरानं पेरतो. नुसतं सोयाबीन न घेता चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या घेतो. नम्रतेतून येणारी ही शेती आहे. उलट मत असेल तर जरूर मांडा.

विवेकवाट:
टाळकरीबुवा, तुम्ही सांगितलेली एकूण एक गोष्ट बरोबर आहे आणि त्यातली एकही देवावर अवलंबून नाही. ७५-१०० मिलिमीटरचा दंडक कृषी विद्यापीठांच्या शिफारशीतला आहे आणि त्यामागचं कारण मातीत आहे. उन्हाळाभर तापलेल्या काळ्या रानात ३०-४० मिलिमीटर पाऊस फक्त वरचा थर भिजवतो. बी त्या ओलीवर फुगतं, मोड येतो, मूळ खाली उतरतं आणि तिथं त्याला कोरडी, गरम माती भेटते. चार दिवस ऊन पडलं की कोंब जळतो आणि दुबार पेरणी माथी बसते. हे ज्याला ठाऊक आहे तो नास्तिक असला तरी थांबेल. ज्याला ठाऊक नाही तो रोज हरिपाठ म्हणत असला तरी पेरून मोकळा होईल. मग श्रेय भक्तीला का द्यायचं?

आणि भरवशाची दुसरी बाजूही बघू. बुलडाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळची घटमांडणी अक्षय्य तृतीयेला होते. गोल घटात १८ धान्यं मांडतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या हालचालीवरून पाऊस नि पिकांचं भाकीत सांगतात. तीनशे वर्षांहून जुनी परंपरा आहे, तिचा आदर आहे. पण त्या भाकितावर कपाशी की सोयाबीन हे ठरवणारे लोक आहेत. चुकलं तर जाब कुणाला विचारायचा?

तुळशीवृंदावन:
विवेकवाट, भेंडवळ आणि शरणागती एका पंगतीला बसवू नका. उद्या काय होणार ते आज कळावं, ही भाकितामागची धडपड असते. भक्त नेमकी तीच सोडतो. वैष्णव परंपरेत शरणागतीची सहा अंगं सांगितली आहेत: ईश्वराला अनुकूल तेच करण्याचा संकल्प, प्रतिकूल ते टाळणं, तो राखील हा विश्वास, राखणारा म्हणून त्याचीच निवड, स्वतःला त्याच्या स्वाधीन करणं आणि स्वतःच्या असमर्थतेची जाण. पहिली दोन अंगं सरळ कर्तव्याची आहेत. रानाची मशागत, बियाणं, दुसऱ्याचं देणं वेळेवर देणं, सगळं त्यात येतं. ती गाळून एकदम पाचव्यावर उडी मारणाऱ्याला आळशी म्हणा, शरणागत म्हणू नका.

गीतेच्या अठराव्या अध्यायातही कर्माच्या सिद्धीची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. चार गोष्टी सांभाळल्यावरसुद्धा पाचवी आपल्याकडे नसते, एवढंच भक्त म्हणतो. आणि विश्वास कुणावर ठेवायचा हा प्रश्न त्या पाचव्या जागी उभा राहतो.

बियाणेपारखी:
मला दोन्ही बाजूंना एक अडचण दाखवायची आहे. "देवाची मर्जी" या दोन शब्दांआड दरवर्षी माणसांच्या चुका लपतात. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारींचा पाऊस पडला होता. त्यात काही ठिकाणी ओल कमी होती, काही ठिकाणी बी खोल पडलं होतं, पण सदोष बियाणंही होतं. नशीब म्हणून गप्प बसलेल्यांना काहीच मिळालं नाही.

आधी आपल्या हातातलं. सोयाबीनचं टरफल फार पातळ असतं आणि कोंब त्याच्या लगेच आत असतो. पोतं उंचावरून आपटलं, थप्पी सात-आठ पोत्यांच्या वर गेली, मळणी यंत्र जास्त वेगानं फिरवलं की कोंबाला इजा होते. बी वरून चांगलं दिसतं आणि उगवत नाही. म्हणून उगवण चाचणी घ्या. गोणपाटाचा ओला तुकडा पसरा, न निवडता सरसकट घेतलेले १०० दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाका, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी धडधाकट कोंब मोजा. ७० किंवा जास्त असतील तर एकरी ३० किलो बी पुरतं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा. साठच्या खाली गेलं तर ते बी पेरूच नका.

बीजप्रक्रियेचा क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, प्रत्येकी २५० ग्रॅम दहा किलो बियाण्याला. क्रम उलटा झाला तर वरून आलेल्या औषधानं जिवाणू मरतात. बी सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. खोली तीन ते चार सेंटिमीटर. पाचच्या खाली गेलेलं बी, वर पपडी धरली तर बाहेर येत नाही. ट्रॅक्टरची पेरणी भरधाव केली की खोली हमखास बिघडते.

आता तक्रारीचं. पावती, पिशवी, तिच्यावरचं लेबल आणि मूठभर बियाणं पीक घरात येईपर्यंत जपून ठेवा. आठ-दहा दिवसांत उगवण विरळ दिसली तर लगेच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. तालुक्याच्या तक्रार निवारण समितीनं रान पाहून पंचनामा केल्याशिवाय मोडून पुन्हा पेरू नका, नाहीतर पुरावाच जातो. कंपनी दाद देत नसेल तर ग्राहक आयोग आहे. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. टाळकरी माऊली, "पांडुरंगाची इच्छा" म्हणणारा माणूस ही पोच घ्यायला जातो का? गावोगाव दिसतं ते असं की जात नाही. माझा आक्षेप एवढाच आहे आणि तो मोठा आहे.

टाळकरी:
आक्षेप शिरसावंद्य. सदोष बियाणं विकणाऱ्याचं पाप देवाच्या नावावर टाकणं हा देवाचा अपमान आहे. तक्रार न करणाऱ्याला मी भाविक मानणार नाही. अरणचे सावता माळी मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, अशी आपली परंपरा सांगते. देवानं कामाच्या जागी यावं इतकं काम त्यांनी पवित्र मानलं. असा माणूस नासकं बी मुकाट्यानं सहन करील असं मला वाटत नाही.

पण पारखी, तुमची यादी जिथं संपते तिथून माझा प्रश्न सुरू होतो. चाचणी केली, क्रम पाळला, १०० मिलिमीटरवर पेरलं, रोप चार पानांवर आलं आणि पावसानं तीन आठवडे डोळे मिटले. आता?

काळीमाती:
आताही बरंच करता येतं. पीक २०-२५ दिवसांचं होईपर्यंत दोन कोळपण्या द्या, तण नसलं तरी द्या. कोळपणीनं भेगा बुजतात, वरची माती भुसभुशीत होते आणि खालची ओल उडत नाही. दर चार-सहा ओळींमागे एक मृत सरी, म्हणजे पीक न घेता मोकळी ठेवलेली चर, काढा, पुढचा पाऊस तिथं मुरेल. पोटॅशियम नायट्रेट दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी फवारा. भर उन्हात फवारलं तर पानं करपतात. शेततळ्यात पाणी असेल तर आत्ता उधळू नका, फुलोरा आणि शेंगा भरण्याच्या वेळेसाठी राखा. दोन पाळ्यांचंच पाणी असेल तर ती तेव्हाच द्यायची.

रोपं गेलीच तर तारखेकडे बघून पीक बदला. जुलैच्या पहिल्या आठवड्यानंतर मूग-उडीद नको, १५ जुलैनंतर सोयाबीनचा हट्ट नको. पुढे बाजरी, तूर, सूर्यफूल, एरंडी. दुबार पेरणीत त्याच पिकाचा हट्ट धरल्यानं जास्त पैसे बुडतात.

मंडळमापक:
हवामान बघणाऱ्यांच्या बाजूनं दोन शब्द. हवामान खात्याचा कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो आणि त्यात पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. पेरणी ठरवायला तो पुरेसा उपयोगी आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्राचा आकडा रोज मिळतो, पण ओढ्याच्या अलीकडे ४० मिलिमीटर आणि पलीकडे पाच, असं जूनमध्ये सर्रास होतं. म्हणून बांधावर सरळ भिंतींचं, सपाट बुडाचं भांडं ठेवा आणि सकाळी पट्टीनं पाणी मोजा. एक मिलिमीटर उंची म्हणजे एक मिलिमीटर पाऊस.

मात्र विवेकवाट, पाच दिवसांच्या पुढं पेरणीची तारीख ठरवता येईल असा नेमका अंदाज कुणी देत नाही, आणि सोयाबीन रानात शंभर दिवस असतं. उरलेले पंचाण्णव दिवस कशाच्या भरवशावर काढायचे, याचं उत्तर आमच्या शास्त्राकडे नाही.

विवेकवाट:
उत्तर आहे: विमा, हाताशी राखलेले पैसे आणि एकापेक्षा जास्त पिकं. २०२३ च्या खरिपात सुरू झालेला एक रुपयातला पीक विमा २०२५ पासून बंद झाला. आता खरिपाला विमा रकमेच्या दोन टक्के, रब्बीला दीड आणि नगदी पिकांना पाच टक्के हप्ता भरावा लागतो. भरपाई मुख्यतः महसूल मंडळाच्या सरासरी उत्पन्नावर ठरते, म्हणून एकट्याचं नुकसान झालं तर विमा तोकडा पडतो. अशा वेळी हाताशी एका दुबार पेरणीचा खर्च राखून ठेवणं हाच खरा आधार. नवसाच्या जेवणावळीला कर्ज काढायचं आणि हप्त्याला पैसे नाहीत म्हणायचं, हे मला पटत नाही.

वारीबद्दलही विचारतो. २०२३ मध्ये आषाढी २९ जूनला होती. पालख्या १० आणि ११ जूनला निघाल्या आणि पाऊस मुंबईत २५ जूनला पोचला. म्हणजे पेरणीची घाई आणि वारीचे शेवटचे मुक्काम एकाच वेळी आले. तेव्हा काय करायचं?

तुळशीवृंदावन:
मृग सूर्यावर चालतो, एकादशी चंद्रावर. म्हणून अधिक मास येईपर्यंत वारी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. वारकऱ्याला हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. घरातला एक जण दिंडीत, एक जण रानात, अशी वाटणी असते. रान मोकळं सोडून कुणी जात नाही. आणि २०२० मध्ये पायी वारीच झाली नाही, पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या. वारकऱ्यांनी ते स्वीकारलं. जो मार्ग इतका सांभाळून चालतो त्याला हट्टी म्हणू नका.

तुमच्या नवसाच्या मुद्द्याशी मी सहमत आहे. देवाशी देवाणघेवाण करणं म्हणजे त्याच्यावर भरवसा नसणंच.

पण विमा आणि राखलेले पैसे माणसाचं मन राखत नाहीत. सगळं माझ्यावर आहे असं मानणारा माणूस पीक गेलं की म्हणतो, मी चुकलो. तारीख मी चुकवली, बी मी चुकीचं घेतलं, घर मी बुडवलं. पाऊस पडला नाही, हा त्याचा गुन्हा नव्हता. त्या एकट्या माणसाच्या डोक्यावरून हे ओझं कोण उतरवणार? संध्याकाळी देवळात जाऊन दहा जणांत बसणारा, टाळ हातात घेणारा माणूस निदान एकटा राहत नाही. माझ्या दृष्टीनं हे उत्पन्नाइतकंच महत्त्वाचं आहे.

विवेकवाट:
हा मुद्दा मला मान्य करावा लागतो. दहा जणांत बसण्यानं माणूस सावरतो, यात वाद नाही. फरक इतकाच की ते बळ मी त्या दहा जणांचं मानतो, तुम्ही देवाचं मानता. आणि त्या दहा जणांनी सावकाराच्या तगाद्यावर, बँकेतल्या कर्ज पुनर्गठनावरही, म्हणजे परतफेडीची मुदत वाढवून घेण्यावरही, बोललं पाहिजे. दुष्काळ जाहीर झाल्यावर पीक कर्जाचं पुनर्गठन आणि सक्तीच्या वसुलीला स्थगिती अशा सवलती मिळतात. त्या मागायला बँकेत एकटं जाऊ नये. नुसतं भजन करून उठलात तर कर्ज तिथंच राहील.

टाळकरी:
बोलतात हो, बऱ्याच ठिकाणी बोलतात. जिथं बोलत नाहीत तिथं बोलायला हवं, कबूल. पण बळ कुणाचं, यावर मी मागं हटणार नाही. ते दहा जण एकत्र आले कशामुळे, हे विसरू नका. पैशांच्या, जातीच्या, बांधाच्या भांडणात जे एकमेकांचं तोंड बघत नाहीत, ते एकादशीला शेजारी बसतात.

बियाणेपारखी:
यावर तुम्ही दोघं पुढेही वाद घाला. मी फक्त एवढं सांगतो: ज्यांना घरचं सोयाबीन पेरायचं आहे त्यांनी उगवण चाचणी रोहिणी लागताच, म्हणजे २५ मेच्या सुमारास लावा. निकाल खराब आला तर दुसरं बियाणं शोधायला निदान दोन आठवडे हातात राहतील. मृग निघाल्यावर लावलेल्या चाचणीचा उपयोग होत नाही.