शब्दचर्चा: गिंब्री, कराकेब, लीला, मआलेम यांना मराठीत काय म्हणावं?

मंद्रसप्तक:
'बाब एल ब्लूज' या फिरत्या चमूचा मराठीत परिचय लिहायचा आहे. युसरा मन्सूर आणि ब्रीस बोतँ यांनी २०१८ मध्ये माराकेशला तो उभा केला. मोरोक्कोच्या ग्नावा संगीताला (गुलाम म्हणून आणलेल्यांच्या वंशजांचं विधिसंगीत) रॉक, ब्लूज आणि फंकची जोड देतात. गिटारच्या जागी अविशा (लहान, चढ्या आवाजाची गिंब्री) आणि बासच्या जागी गिंब्री. इंग्रजी मजकुरात गिंब्रीला 'आफ्रिकन ल्यूट' आणि कराकेबला 'कॅस्टनेट' म्हटलं आहे. मराठीत काय करावं? 'लीला' हा शब्दही सारखा येतो, तो तसाच ठेवला तर चालेल का?

खर्ज:
गिंब्रीला 'आफ्रिकन गिटार' कृपया लिहू नका. वाचकाच्या डोळ्यांपुढे पडदे आणि खुंट्या येतील, आणि गिंब्रीला दोन्ही नसतात. आपल्या वर्गीकरणात ते तत (तारांचं) वाद्य आहे, पण अंगाने अर्धं अवनद्ध (कातडं मढवलेलं). एकाच ओंडक्यातून कोरलेली लांबट पेटी, तिच्यावर उंटाच्या मानेचं कातडं ताणलेलं, आणि आत घुसवलेली गोल दांडी. दांडीचं खालचं टोक कातड्यातल्या भोकातून वर येतं आणि तारा तिथेच अडकवतात. वरच्या बाजूला तारा चामड्याच्या पट्ट्यांनी दांडीला आवळलेल्या असतात. स्वर चढवायचा तर ते आवळे वर सरकवायचे.

तारा तीन, आणि त्या धातूच्या नाहीत. त्यासाठी मराठीत 'तात' हा नेमका शब्द आहे, तोच वापरा: बकऱ्याच्या आतड्याची पीळ दिलेली तात. आता नायलॉनही वापरतात. सर्वात जाड तात सा धरली तर बारीक तात त्याच सप्तकातल्या मध्यमावर, आणि मधली आखूड तात वरच्या सा वर. आखूड तात दांडीवर दाबत नाहीत, ती मोकळीच छेडायची. शिवाय उजव्या हाताची बोटं छेडता छेडता कातड्यावर आघातही करतात. म्हणून परिचयात असं लिहा: "गिंब्री, म्हणजे कातडी पेटीचं, तीन तातींचं, खर्जात बोलणारं वाद्य."

लयवेडा:
कराकेबला 'झांजा' म्हणणं चूक आहे, आणि 'कॅस्टनेट'ने मराठी वाचकाला काहीच कळत नाही. 'लोखंडी चिपळ्या' हे सर्वात जवळचं. फरक एका वाक्यात सांगावा लागेल: प्रत्येक हातात दोन पत्रे, दोन्ही टोकांना वाटीसारखा फुगवटा, एका टोकाला दोरी किंवा वादीने बांधलेले. घुंगरू नाहीत, लोखंडावर लोखंड आपटतं. एक करकाबा, अनेक कराकेब. त्यामुळे 'कराकेब वाजतात' लिहा, 'कराकेब वाजतो' नको.

त्यांच्या चालीला मी 'दौड' म्हणेन. आघातांमधली अंतरं समान नसतात. केरव्यासारखे समान तुकडे पाडून मोजलं तर चुकतं, दादऱ्याच्या तीन-तीनांत बसवलं तरी चुकतं, चाल त्या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते. गाणं पुढे जाईल तशी लयही चढत जाते. रॉकचा ड्रमवाला ठरावीक ठोक्याच्या क्लिकवर वाजवायला बसला की नेमकं इथेच बिनसतं: कराकेब एक तर सपाट होतात किंवा क्लिकच्या पुढे निघून जातात. म्हणून ड्रमवाल्याने क्लिक सोडून कराकेबमागे जायला शिकणं हाच खरा उपाय.

धातुपाठ:
'लीला'ने घोटाळा होणारच, कारण वाचक कृष्णलीला समजेल. हा अरबी 'लैला'चा (रात्र) मोरोक्कन उच्चार आहे. पहिल्यांदा लिहिताना "लीला, म्हणजे रात्रभराचा विधी" एवढं जोडा. समजावताना 'जागर' म्हणा, पण लीलाच्या जागी 'जागर' लिहू नका. लीलाचा स्वतःचा क्रम आहे. आधी 'आदा', म्हणजे तबल (मोठा ढोल) आणि कराकेब घेऊन मिरवणूक. मग घरात गिंब्री सुरू होते, आणि पुढे 'म्लूक', म्हणजे अंगात येणाऱ्या शक्तींची आवाहनं. प्रत्येक म्लूकगटाचा वेगळा रंग, वेगळा धूप.

यातले कितीतरी शब्द मराठीत निराळ्या अर्थाने नांदताहेत. 'तबल' आणि आपला तबला एकाच अरबी शब्दातून आले. 'म्लूक'ची धातू मालक आणि मुलूख यांचीच. विधी चालवणारी स्त्री 'मुक़द्दमा', म्हणजे आपल्या मुकादमाचं स्त्रीलिंगी रूप. 'मआलेम' (गिंब्री वाजवणारा म्होरक्या) आणि 'तालीम' यांचं मूळही एक. या चमूच्या २०२४ च्या अल्बमचं नाव 'स्वाकेन', म्हणजे अंगात वस्ती करणाऱ्या शक्ती. जुन्या दस्तांत 'साकीन मौजे अमुक' लिहितात त्या 'साकीन'चंच हे अनेकवचन. मात्र मआलेमला 'उस्ताद' म्हणू नका. उस्ताद मैफलीचा असतो. मआलेमला गाणी आणि त्यांचा क्रम यांबरोबर कोणत्या वेळी कोणाला आवाहन करायचं हेही ठाऊक असावं लागतं.

धुपासाठी 'जावी' आला तर 'ऊद' लिहा, पदार्थ तोच. पण त्याच परिच्छेदात अरबी 'ऊद' वाद्य असेल तर 'धुपाचा ऊद' असं स्पष्ट करा.

मंद्रसप्तक:
फारच उपयोगी. दोन शंका. गिंब्रीच्या टोकाला कड्या लावलेली पत्र्याची पट्टी असते, 'सरसरा'. तिच्या आवाजाला 'जवारी' म्हणू का? आणि सिदी बिलाल व आपले सिद्दी यांचा संबंध जोडावा का?

खर्ज:
जवारी नको. जवारी तार आणि घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) यांच्या स्पर्शातून, तारेच्या स्वतःच्या नादात तयार होते. सरसरा ही वेगळी वस्तू आहे, दांडीच्या कंपाने झणझणते. 'झणत्कार' लिहा. पिकअप (वाद्याचा कंप टिपून स्पीकरकडे पाठवणारा तुकडा) लावला की ही झणझण स्वरापेक्षा मोठी होते, म्हणून बरेच वादक मंचावर ती काढून ठेवतात.

धातुपाठ:
बिलाल हे हबशी, गुलामगिरीतून मुक्त झालेले, इस्लामचे पहिले मुअज्जिन. ग्नावांचे पूर्वज सहारापारहून गुलाम म्हणून आणलेले, म्हणून त्यांना बिलाल आपले वाटतात. 'सिदी' म्हणजे 'माझे स्वामी', आणि 'सिद्दी'ची व्युत्पत्तीही बहुधा तिथूनच मानतात. शब्दाचं नातं सांगा, समाजांचं जोडू नका: एक वाट वाळवंटातली, दुसरी हिंदी महासागरातली.

लयवेडा:
आणखी एक. 'उत्तर आफ्रिकी संगीत' आणि 'ग्नावा' हे आलटून पालटून लिहू नका. अल्जीरियात याच्या भावंडाला 'दीवान' म्हणतात, ट्युनिशियात 'स्तंबाली'. तिनारिवेनसारखे तुआरेग (सहारातले लोक) गिटार-चमू ग्नावा नव्हेत. युनेस्कोच्या यादीत २०१९ मध्ये आला तो मोरोक्कोचा ग्नावा, आणि मोरोक्कोतल्या एस्सवीरा शहराचा १९९८ पासूनचा महोत्सवही त्याच्याच नावाचा.

खर्ज:
'फ्यूजन' शब्द ठेवा, वाचकाला तो कळतो. पण कोण कोणाशी जुळवून घेतं तेही सांगा. लीलात गिंब्री मआलेमच्या गळ्याप्रमाणे लावतात. कीबोर्ड आला की ती ठरावीक पट्टीत बांधावी लागते आणि गायकाला तिथे यावं लागतं. अनेक गाण्यांत पाचच स्वर असतात (सा, कोमल ग, म, प, कोमल नि), त्यामुळे ब्लूजशी सूत पटकन जमतं. धानी रागाचे स्वर म्हणून ओळख द्यायला हरकत नाही, राग म्हणू नका.

कार्यक्रम पावसाळ्यात मुंबईला असेल तर आयोजकांच्या टिपणात हेही घाला: दमट हवेत कातडं सैल पडतं, घोडी खाली बसते, तात दांडीला टेकते आणि खर्ज बसका होतो. वाजवण्याआधी कातडं लांबून, हळूहळू शेकायचं. एकदम उष्णता दिली तर ते कडेला फाटतं. कराकेब गायकाच्या माइकपासून दूर, मागच्या रांगेत हवेत, नाहीतर गाण्याचा शब्द ऐकू येणार नाही.