मदत हवी आहे : सोनोग्राफीत सॅक (गर्भाची पिशवी) दिसली, पण गर्भ आणि ठोके दिसले नाहीत

मांजलपूरची_सून :
आम्ही बडोद्यात राहतो. मला सात आठवडे पूर्ण झाले असून काल पहिली सोनोग्राफी झाली. गर्भाशयात 7 मिलिमीटरची सॅक आहे, योक सॅक (सुरुवातीला गर्भाला पोसणारी छोटी पिशवी) व गर्भ दिसत नाही, असे अहवालात लिहिले आहे. डॉक्टरांनी दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावले. त्यापलीकडे काही विचारण्याआधीच पुढच्या बाईंचे नाव पुकारले गेले. माझ्या आतेबहिणीला सहाव्या आठवड्यातच ठोके दिसले होते. मला तर अजून मळमळही नाही. हे दिवस टिकणार की नाही, हे दोन आठवडे थांबल्यावाचून कळण्याचा काही मार्ग आहे का? ज्यांना असा अनुभव आहे, त्यांनी कृपया लवकर लिहावे.

रावपुरा_काकू :
सूनबाई, मन घट्ट ठेवा. माझ्या धाकट्या जावेला हेच झाले होते. तिला प्रोजेस्टेरॉनच्या, म्हणजे गर्भधारणा टिकवणाऱ्या संप्रेरकाच्या, गोळ्या सुरू केल्या, महिनाभर पलंगावरून उठू दिले नाही आणि आज तिचा मुलगा शाळेत जातो. तुम्हीही डॉक्टरांकडे त्या गोळ्यांचा आग्रह धरा आणि जिने चढणे आजच बंद करा.

निवृत्त_परिचारिका :
ताई, तुम्ही सात आठवडे म्हणता ते कशावरून मोजले आहेत? शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजले असतील, तर तुमची पाळी किती दिवसांनी येते, हे कळल्याखेरीज त्या आकड्याला अर्थ नाही. सोनोग्राफी पोटावरून केली की आतून, म्हणजे योनिमार्गातून? रक्तस्राव किंवा एका बाजूला दुखणे आहे का? आधी कधी गर्भपात झाला आहे का?

काकू, तुमच्या जावेचे बाळ सुखरूप आले याचा आनंद आहे, परंतु झोपून राहिल्याने गर्भपात टळतो, याला आधार मिळालेला नाही. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी सुमारे निम्म्यांचे कारण गुणसूत्रांतील दोष हे असते. त्याचा जिन्याशी संबंध नाही. प्रोजेस्टेरॉनविषयी 2019 साली ब्रिटनमधील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना आधी गर्भपात झालेले होते आणि या खेपेस रक्तस्राव होत होता, अशा स्त्रियांमध्ये त्याचा उपयोग दिसला. ताईंनी यांपैकी काहीच सांगितलेले नाही.

रावपुरा_काकू :
चाचण्या असतील. आमच्या घरात जे डोळ्यांनी पाहिले तेच मी लिहिले आहे, आणि विश्रांतीने कोणाचे नुकसान झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

अल्कापुरी_79 :
थांबण्यापेक्षा बीटा एचसीजीची (गर्भधारणेत वाढणाऱ्या संप्रेरकाची) रक्ततपासणी 48 तासांच्या अंतराने दोनदा करून घ्या. आकडा दुप्पट झाला तर सर्व ठीक, नाही तर नाही. आम्ही असेच केले होते आणि दोन दिवसांत चिंता मिटली.

निवृत्त_परिचारिका :
दुप्पट व्हायलाच हवा, असा नियम लावू नका. सुरुवातीचा आकडा 1500च्या आत असेल, तर 48 तासांत साधारण दीडपट वाढही चालते, आणि मूळ आकडा मोठा असेल तर वाढ आणखी मंद असते. शिवाय सॅक दिसू लागल्यावर या आकड्यांपेक्षा पुढची सोनोग्राफीच अधिक सांगते.

दांडिया_बाजार :
नवरात्र तोंडावर आले आहे, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. गरब्याच्या मैदानावरून येताना फाफड्यासोबत कच्च्या पपईचा संभारो हमखास पुढ्यात येतो; तो मुळीच खाऊ नये. पिकलेल्या पपईचे वेगळे, कच्चीतला चीक बाधतो. तसेच पहिल्या तीन महिन्यांत गरबा खेळावा की नाही, यावर आमच्या वाड्यात दरवर्षी वाद होतो.

मांजलपूरची_सून :
संभारो मी खात नाही आणि गरब्याचा विचारही मनात नाही. मला फक्त ठोक्यांविषयी जाणून घ्यायचे आहे. परिचारिकाताई, आठवडे पाळीच्या तारखेवरूनच मोजले. माझी पाळी लग्नाआधीपासून 40 ते 42 दिवसांनी येते. त्यात सांगण्यासारखे काही असेल असे वाटले नव्हते. सोनोग्राफी पोटावरून केली. रक्तस्राव नाही, दुखणे नाही, आणि ही पहिलीच वेळ आहे.

निवृत्त_परिचारिका :
ताई, हीच माहिती हवी होती. पाळीवरून आठवडे मोजताना 28 दिवसांचे चक्र गृहीत धरलेले असते, म्हणजे चौदाव्या दिवसाच्या सुमारास बीज सुटते असे मानतात. बीज सुटण्यापासून पुढच्या पाळीपर्यंतचा काळ मात्र जवळपास सर्वांचा दोन आठवड्यांचा असतो. म्हणून 41 दिवसांच्या चक्रात ते सत्ताविसाव्या दिवसाच्या आसपास सुटते. तुमच्या सात आठवड्यांतून हा जवळजवळ दोन आठवड्यांचा उशीर वजा केला, तर गर्भ पाच आठवड्यांच्या आगेमागे आहे. सॅकच्या सरासरी व्यासात 30 मिळवले की दिवसांचा ढोबळ अंदाज येतो. 7 आणि 30 म्हणजे 37, म्हणजे पाच आठवडे आणि दोन दिवस. दोन्ही हिशेब जुळतात.

पाचव्या आठवड्यात नुसती सॅक दिसणे अपेक्षितच आहे. आतून केलेल्या तपासणीत योक सॅक साधारण साडेपाच आठवड्यांना आणि ठोके सहा आठवड्यांच्या सुमारास दिसू लागतात. पोटावरून केल्यास त्याहून उशिरा. मळमळही पुष्कळ जणींना सहाव्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते.

अल्कापुरी_79 :
मग दोन आठवडे कशाला? मी तर म्हणेन चार दिवसांत दुसऱ्या केंद्रात जाऊन पुन्हा करून घ्यावी.

निवृत्त_परिचारिका :
चार दिवसांनी पुन्हा अर्धवटच काहीतरी दिसेल आणि घोर वाढेल. योक सॅक नसलेली सॅक दिसल्यावर दोन आठवडे किंवा अधिक काळाने ठोके असलेला गर्भ दिसला नाही, तरच गर्भ वाढत नाही असे निश्चित म्हणता येते. त्याआधी घाईने निष्कर्ष काढला, तर चांगली गर्भधारणाही नाहक काढून टाकली जाऊ शकते, म्हणून ही मुदत ठरवलेली आहे. डॉक्टर कमी बोलले, हे मला मान्य आहे, पण त्यांनी दिलेली तारीख बरोबर आहे.

सारे ठीकच होईल, अशी हमी मात्र कोणीच देऊ शकत नाही. योक सॅक दिसेपर्यंत ही गर्भधारणा गर्भाशयातच आहे, यावर पूर्ण शिक्कामोर्तब झालेले नसते. एका बाजूला तीव्र कळा, खांद्याच्या टोकाला दुखणे, चक्कर किंवा भरपूर रक्तस्राव यांपैकी काहीही झाले, तर तारखेची वाट पाहू नका; रात्र असली तरी रुग्णालयात जा. तुमचा रक्तगट निगेटिव्ह असेल, तर रक्तस्राव झाल्यास तेही लगेच सांगा.

मांजलपूरची_सून :
ताई, फार आभार. रक्तगट बी पॉझिटिव्ह आहे. आणखी एक विचारते : सासूबाई म्हणतात की ठोके दिसल्याशिवाय फॉलिक ॲसिडची गोळी कशासाठी घ्यायची? ती पुढच्या तारखेपर्यंत थांबवू का?

निवृत्त_परिचारिका :
अजिबात थांबवू नका. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया असलेली नलिका तुमच्या खऱ्या मोजणीप्रमाणे सहाव्या आठवड्याच्या सुमारास मिटते, म्हणजे या गोळीची खरी गरज याच दिवसांत आहे. रोज किमान 400 मायक्रोग्रॅम हवे असते; आपल्याकडे पुष्कळदा 5 मिलिग्रॅमची गोळी लिहून देतात. डॉक्टरांनी लिहिली आहे तेवढीच घ्या. सासूबाईंना हेही सांगा की पुढच्या खेपेस सोनोग्राफी आतून करण्याविषयी तुम्ही डॉक्टरांना विचारणार आहात, त्याने गर्भाला धोका नसतो. आणि तुमची पाळी 40 ते 42 दिवसांनी येते, हे फाइलच्या पहिल्या पानावर लिहून न्या.