क्रूझवरच्या खोलीचे कार्ड आणि दार उघडणारे हात

फोंडेकरीण:
परवा याच गटात एका सभासदांनी ठामपणे लिहिले की, क्रूझवर खोलीतून वस्तू गेली तर दोष प्रवाशाच्या हलगर्जीपणाचाच असतो. खोलीची चावी म्हणून मिळणारे कार्ड गळ्यात अडकवले की दाराची काळजी मिटते, असे त्यांचे म्हणणे. हे विधान मला मुळीच मान्य नाही. मुंबईहून मुरगावला येताना आईचे कार्ड मिळेना, म्हणून मी रात्री रिसेप्शनवर गेले. तेथील कर्मचाऱ्याने आडनाव आणि खोली क्रमांक एवढेच विचारले आणि कार्ड काढून माझ्या हातावर ठेवले. जहाजावर चढता-उतरताना हेच कार्ड टेकवले की पडद्यावर आपला फोटो येतो. मग दाराची चावी देताना तोच फोटो पाहण्याची तसदी कोणी का घेतली नाही? खोली क्रमांक तर जेवणाच्या रांगेत आम्ही चारचौघांदेखत मोठ्याने सांगितला होता. पुढे आईचे जुने कार्ड तिच्या चष्म्याच्या घरात सापडले. ते दाराला लावून पाहिले, तर हिरवा दिवा लागला आणि दार उघडले. ते डेकवर कोणा परक्याच्या हाती लागले असते आणि त्याला आमची खोली ठाऊक असती, तर तोही असाच आत आला असता. यात प्रवाशाचा हलगर्जीपणा कोठे आला?

तारवटी, कुंकळ्ळी:
ताई, माझी उमेदीची वर्षे जहाजांवर केबिन स्टुअर्ड, म्हणजे प्रवाशांच्या खोल्या आवरणारा कर्मचारी, म्हणून गेली, म्हणून सांगतो. पुष्कळ जहाजांवरची कुलपे बॅटरीवर चालतात आणि मुख्य संगणकाशी त्यांचा सतत संपर्क नसतो. कार्ड बनवताना ते नवे म्हणून बनवता येते किंवा चालू कार्डाची प्रत म्हणून. नवे कार्ड दाराला लागले की आधीची बाद होतात. प्रत काढली तर जुनीही चालू राहतात, कारण एका खोलीत दोघे-तिघे राहतात. तुमच्या वेळी प्रत काढली गेली. ती त्या माणसाची चूक आहे, कार्डाची नव्हे. पितळी चावी हरवली असती तर कोणी कधी दार उघडले हे कोणालाच कळले नसते. या कुलपात कोणते कार्ड किती वाजता लागले याची नोंद राहते. आणि हो, आईंचे कार्ड मुळात हरवले कोणी?

फोंडेकरीण:
माझी आई सत्तरीची आहे. तिने कार्ड चष्म्याच्या घरात ठेवले, म्हणून तिच्या खोलीची चावी वाटेल त्याला द्यावी असा न्याय असेल, तर तो आपल्यापाशीच ठेवावा. नोंद राहते, हे मलाही ठाऊक आहे. पण ती नोंद कोणाच्या ताब्यात राहते? कंपनीच्या. तक्रार कंपनीच्या माणसाविरुद्ध असेल, तर कंपनीच ती वाचणार आणि कंपनीच सांगणार की काही आढळले नाही.

बायणेकर:
दोघेही कुलूप अभेद्य आहे असे गृहीत धरून बोलत आहात. २०१२ मध्ये ओनिटी कंपनीची हॉटेलांतली कुलपे एका छोट्या उपकरणाने उघडून दाखवण्यात आली. २०१८ मध्ये व्हिंगकार्ड या हॉटेलांच्या कुलपांच्या जुन्या प्रणालीत, टाकून दिलेल्या कार्डावरूनही सगळ्या खोल्या उघडणारी मास्टर चावी बनवता येते, हे फिनलंडच्या संशोधकांनी सिद्ध केले. २०२४ मध्ये सॅफलॉक या कार्डाच्या कुलपांची पाळी आली: १३१ देशांतील सुमारे १३,००० ठिकाणांची ३० लाखांहून अधिक दारे, आणि त्याच ठिकाणचे कोणतेही एक कार्ड मिळाले की बनावट कार्डांची जोडी तयार करता येत होती. त्या कार्डांपुढे आतून लावलेला डेडबोल्ट, म्हणजे कुलपाची जादा खिटीसुद्धा टिकत नव्हती.

तारवटी, कुंकळ्ळी:
ही सारी उदाहरणे हॉटेलांची आहेत. जहाजावरची वस्तू मशीन घेऊन आलेल्या संशोधकाने नेली असे मी कधी पाहिले नाही. प्रत्यक्षात काय होते ते मी सांगतो. एका जहाजावर माझ्या विभागातील एका बाईंची हिऱ्याची अंगठी दिसेना. कुलपाची नोंद वाचण्याआधी मला सुरक्षा अधिकाऱ्याने बोलावले, माझे लॉकर उघडले, गादी उलटी केली, गावाहून आईने दिलेला देवाचा फोटोसुद्धा चौकटीतून काढून पाहिला. नंतर नोंद काढली, तेव्हा माझे कार्ड त्या दाराला सकाळच्या साफसफाईनंतर लागलेच नव्हते असे निघाले. अंगठी त्यांच्याच मेकअपच्या पिशवीत होती. त्या बाई पुढे माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. गोव्यातल्या कितीतरी घरांची चूल या नोकरीवर पेटते, आणि वस्तू गेली की पहिला संशय आमच्या मुलांवर येतो. तुम्ही ‘कंपनीचा माणूस’ म्हणता, तेव्हा कोणाविषयी म्हणता?

फोंडेकरीण:
माझ्या लिहिण्यात स्टुअर्डचा उल्लेख कोठेही नाही. कृपया पुन्हा वाचावे. माझी तक्रार रिसेप्शनच्या कार्यपद्धतीवर आहे.

साखळीहून एक वाचक:
नसला तरी वाचणाऱ्याच्या मनात तोच येतो. माझा भाऊ अजूनही जहाजावर आहे. एखाद्या खोलीतून तक्रार आली, की चौकशी संपेपर्यंत त्याला जेवण जात नाही. नोकरी गेली तर पुढचा करार मिळत नाही, आणि प्रवासी मात्र सुट्टी संपवून घरी जातो.

बायणेकर:
चर्चा दाराच्या सुरक्षिततेवर होती. ती करारावर आणि जेवणावर गेली.

साखळीहून एक वाचक:
दाराची मास्टर चावी ज्याच्या खिशात असते, त्याचे जेवण हा दाराच्याच सुरक्षिततेचा भाग आहे. तुम्हाला ते दिसत नसेल, तर तीस लाख दारांचे आकडे मोजत बसावे.

फोंडेकरीण:
भावाविषयी लिहिलेत, ते मनाला लागले. पण हे दोन्ही प्रश्न एकाच नियमाने सुटू शकतात, म्हणून अमेरिकेचा २०१० चा क्रूझ सुरक्षा कायदा पाहावा. खोलीच्या दाराला बाहेरचा माणूस दिसेल अशी सोय हवी. कायदा झाल्यानंतर बांधायला घेतलेल्या जहाजांवर आतली कडी आणि ठरावीक वेळेपुरतीच चालणारी चावी हवी. कोणत्या कर्मचाऱ्याला प्रवाशाच्या खोलीत केव्हा जाता येईल हे कंपनीने ठरवून पाळले पाहिजे. आणि १०,००० डॉलरहून मोठी चोरी एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेला कळवली पाहिजे. हा कायदा अमेरिकी बंदरांत प्रवासी घेणाऱ्या-उतरवणाऱ्या जहाजांसाठी आहे; मुंबई-मुरगाव मार्गावरच्या प्रवाशाला त्याचा काही उपयोग नाही. माझी मागणी एवढीच आहे की, कार्ड फोटो पाहूनच द्यावे, हरवल्याचे सांगितले की जुने कार्ड बाद करावे आणि तक्रार आली तर दाराच्या नोंदीची प्रत प्रवाशाला द्यावी.

तारवटी, कुंकळ्ळी:
पहिल्या दोन मागण्यांना माझा विरोध नाही. फोटो न पाहता कार्ड देणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. तिसरी मान्य नाही. त्या नोंदीत विभागातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची ये-जा असते; ती प्रवाशाच्या हातात गेली की दुसऱ्या दिवशी एखाद्या मुलाचे नाव अशाच गटात लिहिले जाईल. नोंद पोलिसांना द्या. आणि या मागण्यांचे पत्र कंपनीला पाठवणार असाल, तर नोंद वाचल्याशिवाय कोणाचेही लॉकर उघडू नये, हेही त्यात लिहा.

फोंडेकरीण:
लॉकरविषयी लिहीन. तिसरी मागणी मात्र मी मागे घेणार नाही. हवे तर कर्मचाऱ्यांची नावे वगळून वेळा द्याव्यात.

साखळीहून एक वाचक:
वेळा दिल्या की विभागाचा माणूस कोण, हे प्रवाशाला कळतेच. तो रोज त्यांचीच चादर बदलतो.