गिअरबॉक्सचं ऑईल घरी बदलायचं आहे: ९० नंबर चालेल का, आणि किती भरायचं?

प्रश्न – घाटवाट_१४

गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल, ८२,००० किमी. गिअरबॉक्सचं ऑईल एकदाही बदललेलं नाही. सकाळी पहिले दोन-तीन किलोमीटर दुसरा गिअर जड पडतो, गाडी तापली की ठीक. पहिल्यावरून दुसऱ्यावर घाईत टाकला तर खर्रकन वाजतो. गळती दिसत नाही.

इंजिन ऑईल आणि ब्रेक पॅड घरीच बदलतो, त्यामुळे जॅक, चार स्टँड, रॅचेट सेट आहे. दुकानात विचारलं तर '९० नंबर घेऊन जा, सगळ्या गाड्यांना तेच' असं सांगितलं. पुस्तिकेत मात्र ७५डब्ल्यू आणि जीएल-४ लिहिलंय. फरक पडतो का? बाजूच्या भोकातून ऑईल भरायचं कसं आणि किती? आधी डिझेल घालून धुऊन घ्यावं का?

---

उत्तर – पितळी_रिंग

फरक पडतो, आणि तो 'जीएल'पुढच्या आकड्यामुळे जास्त पडतो (जीएल म्हणजे एपीआय या संस्थेने ठरवलेली गिअर ऑईलची प्रत). '९०' म्हणजे फक्त जाडी. काउंटरवर ९० नंबर म्हणून जो डबा मिळतो तो बहुतेक वेळा जीएल-५ असतो, म्हणजे डिफरन्शियलसाठीचं (वळणावर दोन्ही चाकांना वेगवेगळा वेग देणाऱ्या गिअरच्या जोडणीसाठीचं) ऑईल.

तुमच्या दुसऱ्या गिअरवर पितळेची सिंक्रो रिंग आहे. गिअर टाकताना ती गिअरच्या कोनावर घासते आणि दोघांचा वेग सारखा करते, मग दात शांतपणे बसतात. म्हणजे तिला थोडं घर्षण हवंच असतं. जीएल-५ मध्ये गंधक-फॉस्फरसचं मिश्रण जीएल-४ च्या साधारण दुप्पट असतं. त्याने दातांवर चिवट, निसरडा थर बसतो. डिफरन्शियलच्या हायपॉइड दातांना तो थर लागतो, कारण तिथे दात एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घसरत चालतात. सिंक्रो रिंग मात्र त्याच थरावरून घसरते, वेग जुळायच्या आत दात भिडतात आणि खर्र वाजतं. शिवाय गरम झाल्यावर यातलं सक्रिय गंधक पितळेला खातं. नव्या जीएल-५ ऑईलमध्ये हे खाणं बरंच आटोक्यात आणलंय, पण निसरडेपणाचा प्रश्न तसाच आहे.

डब्यावर 'जीएल-४/जीएल-५' दोन्ही लिहिलं असेल तर तेही सोडा. फक्त एपीआय जीएल-४ लिहिलेला डबा शोधा.

आता जाडी. 'डब्ल्यू'चा आकडा थंडीतली जाडी सांगतो, त्यापुढचा आकडा तापल्यावरची. ७५डब्ल्यू ही ग्रेड उणे ४० अंशांवर मोजतात, ८०डब्ल्यू उणे २६ वर. आपल्याकडे असली थंडी नाही म्हणून काही जण ८०डब्ल्यू-९० भरतात. पण नाशिक-निफाडकडच्या डिसेंबरातल्या सकाळीसुद्धा जाड ऑईल रिंग आणि कोनाच्या मधून लवकर बाजूला होत नाही, आणि तुम्ही सांगताय तसाच दुसरा गिअर जड पडतो. पुस्तिकेत ७५डब्ल्यू-८० असेल तर तेच भरा, ७५डब्ल्यू-९० असेल तर ते. आकडा बघून दचकू नका. गिअर ऑईलची मोजपट्टी इंजिन ऑईलपेक्षा वेगळी आहे. तापल्यावर ७५डब्ल्यू-८० गिअर ऑईल साधारण १०डब्ल्यू-३० इंजिन ऑईलइतकंच जाड असतं.

डिझेलने अजिबात धुऊ नका. गिअरबॉक्सच्या तळाला खाचा आणि कप्पे असतात, ड्रेन प्लगमधून सगळं निथळत नाही. आत राहिलेलं डिझेल नवं ऑईल पातळ करतं आणि बेअरिंगचा थर तोडतं. जुनं ऑईल फारच काळं निघालं तर नवं भरून हजार-दोन हजार किमी चालवा आणि पुन्हा एकदा बदला. गिअरबॉक्स धुवायचा हाच सुरक्षित मार्ग.

---

उत्तर – तेरा_चौदा_पाना

ऑईलचं वर आलंच आहे. मी कामाचं लिहितो.

सगळ्यात महत्त्वाचं: आधी वरचा फिलर प्लग उघडा, मगच खालचा ड्रेन प्लग. उलट केलंत, ऑईल सोडून दिलं आणि नंतर फिलर हललाच नाही, तर गाडी स्टँडवर, गिअरबॉक्स रिकामा आणि ढकलण्यापलीकडे मार्ग नाही.

गाडी आठ-दहा किमी फिरवून आणा. ऑईल कोमट हवं, चटका बसेल इतकं गरम नको. गार ऑईल सावकाश येतं आणि तळातला गाळ तिथेच राहतो. मग गाडी चारही स्टँडवर घ्या. फक्त पुढून उचलली तर गिअरबॉक्स तिरका होतो आणि भोकाची पातळी खोटी ठरते. उचलताना जमिनीवरच्या चाकांना उटी (घरंगळू नये म्हणून दगड किंवा लाकडाची पाचर) लावा. नुसत्या जॅकवर किंवा विटांवर ठेवलेल्या गाडीखाली जाऊ नका. स्टँडवर घेतल्यावर गाडी हाताने जोर लावून हलवून बघा, मगच खाली शिरा.

स्विफ्टचा गिअरबॉक्स बॅटरीच्या खालच्या बाजूला आहे. ड्रेन प्लग तळाशी, फिलर प्लग बाजूच्या भिंतीवर. प्लगचं डोकं गाडीगणिक वेगळं असतं: कुठे बाहेरून षटकोनी, कुठे आत षटकोनी खाच, कुठे चौकोनी. चौकोनी खाचेत बऱ्याचदा ३/८ इंची रॅचेटचं टोकच थेट बसतं. खाचेत चिखल वाळून घट्ट झालेला असतो, तो आधी टोकदार तारेने पूर्ण उकरून काढा. पाना अर्धवट बसला की खाच गोल होते. प्लग घट्ट असेल तर गंज सोडवणारा स्प्रे मारून पंधरा मिनिटं थांबा, एक्स्टेन्शन नीट बसवून वरून हातोडीचे दोन हलके ठोके द्या आणि मग लांब दांड्याने सावकाश जोर लावा. झटके नकोत.

फिलर मोकळा झाला की घमेलं लावून ड्रेन प्लग काढा. शेवटचे आटे हाताने सोडवताना प्लग वर दाबून धरा आणि एकदम बाजूला घ्या, नाहीतर ऑईल मनगटावरून बाहीत जातं. वीस-पंचवीस मिनिटं निथळू द्या. निघालेलं ऑईल मापाच्या बाटलीत मोजा. छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण दीड ते अडीच लिटर बसतं, तुमच्या मॉडेलचा नेमका आकडा पुस्तिकेत असतो. निघालेलं माप त्याच्यापेक्षा बरंच कमी असेल तर कुठेतरी गळतंय. दोन्ही ड्राइव्ह शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतात तिथल्या सीलच्या कडा आधी बघा.

प्लगवर लोहचुंबक असेल तर त्यावरची करडी लेई बोटांच्या चिमटीत चोळा. लोण्यासारखी मऊ लागली तर ती इतक्या किलोमीटरची नेहमीची झीज आहे, पुसून टाका. चुरचुरली, चकचकीत कपच्या दिसल्या किंवा दाताचा तुकडा निघाला, तर ऑईल बदलून भागणार नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही, म्हणून घमेल्यातलं ऑईल उन्हात धरून हलवा. सोनेरी झाक दिसली तर ती सिंक्रो रिंगची.

प्लग परत लावताना: वॉशर असेल तर नवीनच वापरा. वॉशर नसेल आणि आट्यांना सीलंट लावलेलं दिसलं, तर जुनं तारेच्या ब्रशने काढा आणि नवीन सीलंटचा पातळ थर द्या. टोकाकडचे दोन आटे कोरे सोडा म्हणजे ते आत सांडत नाही. गिअरबॉक्सचं कवच ॲल्युमिनियमचं आहे, जास्त आवळलं की आटे गेलेच. पहिले तीन-चार वेढे हातानेच फिरवा, नंतर सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला टॉर्क रेंचने आवळा.

भरायला बारा मिलिमीटरची पारदर्शक नळी आणि नरसाळं पुरेसं आहे. नळी बॉनेटमधून खाली सोडून फिलरच्या भोकात तीन-चार इंच घाला आणि निसटू नये म्हणून तारेने बांधा. ऑईल मधासारखं सावकाश उतरतं. डबा आधी गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं ठेवला तर वेळ निम्मा लागतो. भोकातून ऑईल बाहेर यायला लागलं की नळी काढा. आधी धार पडेल, मग तार लागेल, मग थेंब. थेंबांवर आलं की पातळी बरोबर. तेव्हाच प्लग लावा. एक लिटरचे तीन डबे आणून ठेवा, उरलेलं झाकण लावून ठेवता येतं.

---

घाटवाट_१४

दोघांचे आभार. दोन शंका. थोडं जास्त भरलं तर बिघडतं का? आणि फिलर प्लगची खाच आधीच कोणीतरी गोल केलेली दिसतेय.

---

उत्तर – तेरा_चौदा_पाना

जास्त भरलेलं ऑईल गिअर घुसळतात, त्याचा फेस होतो आणि ते तापतं. फेसात हवा असल्याने बेअरिंगला ऑईल कमी पोचतं. वाढलेलं ऑईल ब्रीदरमधून (गिअरबॉक्सच्या डोक्यावरच्या हवेच्या वाटेतून) किंवा सीलमधून वाट काढतं, आणि क्लचकडच्या सीलमधून गेलं तर क्लच प्लेट ओली होऊन घसरते. कमी भरणं त्याहून वाईट. बऱ्याच गिअरबॉक्समध्ये पाचवा गिअर शेवटच्या टोकाला असतो, तिथे ऑईल सगळ्यात आधी कमी पडतं. महामार्गावर पाचव्यात बारीक शिट्टीसारखा आवाज येणं ही त्याची खूण.

गोल झालेल्या खाचेत किंचित मोठा टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराच्या टोकाचा) हातोडीने ठोकून बसवा. बहुतेक वेळा तेवढ्यावर प्लग फिरतो. नवीन प्लग आधीच आणून ठेवा, जुना परत लावू नका. तरीही हलला नाही तर ड्रेनला हात लावू नका, गाडी तशीच चालवत गॅरेजला न्या. काही गाड्यांत रिव्हर्स लाइटचा स्विच काढून वरून भरता येतं, पण तिथे पातळी दिसत नाही, पुस्तिकेतलं माप मोजूनच ओतावं लागतं.

---

उत्तर – क्लच_केबल

ऑईल आणण्याआधी पाच मिनिटांची एक तपासणी करा, नाहीतर क्लचचा दोष ऑईलच्या माथी बसेल.

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून बघा. मग इंजिन सुरू करा, क्लच पूर्ण दाबा, तीनपर्यंत मोजा आणि रिव्हर्स टाका. बंद इंजिनवर सगळे गिअर हलके आणि चालू इंजिनवर रिव्हर्स कर्कश वाजतो, पहिलाही अडतो, असं असेल तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. केबलचं सेटिंग किंवा प्लेट बघा, ऑईल बदलून काही होणार नाही. रिव्हर्सला बऱ्याचदा सिंक्रो नसते, म्हणून हा दोष तिथे आधी ऐकू येतो.

रिव्हर्स शांत बसतो आणि फक्त दुसराच, तोही गार असताना जड पडतो, ही लक्षणं मात्र ऑईलची आहेत. नव्या ऑईलने जडपणा जाईल. तापल्यावरही घाईत टाकताना वाजत राहिला तर रिंग झिजली आहे, ती ऑईलने भरून येत नाही. नवीन ऑईल भरल्यावर लगेच निकाल लावू नका, दोनशे-तीनशे किमी चालवून मग ठरवा.

---

उत्तर – पंचगंगा_काठ

गाडी कधी पाण्यात उभी राहिली असेल तर किलोमीटर मोजत बसू नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कोल्हापूर-सांगलीकडे इंजिन ऑईल बदललेल्या, पण गिअरबॉक्स न उघडलेल्या गाड्या पुष्कळ होत्या.

गिअरबॉक्सच्या डोक्यावर हवा खेळायला ब्रीदर असतो. चालून तापलेला गिअरबॉक्स पाण्यात गेला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलच्या कडेने पाणी आत ओढलं जातं. त्यासाठी गाडी बुडायलाही लागत नाही, गिअरबॉक्सपर्यंत पाणी चढलं तरी पुरे. आत पाणी गेलं की ऑईल दुधाच्या चहासारखं दिसतं. तसं निघालं तर बदला, पन्नास-शंभर किमी चालवा, पुन्हा बदला, आणि पारदर्शक येईपर्यंत हेच करा. उशीर केला तर बेअरिंगवर गंजाचे डाग पडतात आणि मग घरघर सुरू होते. ब्रीदरची टोपी हाताने फिरवून मोकळी आहे ना तेही बघा. ती चिखलाने बंद झाली असेल तर आतला दाब सीलवर येतो आणि नवीन सीलसुद्धा गळतं.

---

उत्तर – पितळी_रिंग

धागा वाचून दुसऱ्या गाडीवर हेच करणाऱ्यांसाठी. होंडाच्या मॅन्युअल गिअरबॉक्सला कंपनीचं स्वतःचं एमटीएफ (मॅन्युअल ट्रान्समिशन फ्लुइड) लागतं, ते नेहमीच्या गिअर ऑईलपेक्षा बरंच पातळ असतं. त्यात ७५डब्ल्यू-९० घालू नका. बोलेरोसारख्या मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शियल यांचं ऑईल वेगवेगळं असतं, डिफरन्शियलला जीएल-५ च हवं. दोन्हीकडे एकाच डब्यातलं ओततात तिथेच घोटाळा होतो. स्विफ्टमध्ये डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात आहे, त्यामुळे एकच ऑईल. एजीएस गाडी (क्लच आणि गिअर यंत्रणाच चालवते अशी) असेल तर गिअर टाकणाऱ्या यंत्रणेचं हायड्रॉलिक ऑईल वेगळं असतं, त्याला घरी हात लावू नका.

निघालेलं ऑईल गटारात किंवा झाडाखाली नको. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑईल घातक कचऱ्यात मोडतं. झाकणाच्या डब्यात भरून जुनं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. इंजिन ऑईलसोबत दिलं तरी चालतं, पण त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑईल मिसळू नका, मग ते शुद्धीकरणाला घेत नाहीत.

काम झाल्यावर दहा किमीची फेरी मारा आणि गाडी रात्रभर कोऱ्या पुठ्ठ्यावर उभी ठेवा. सकाळी ड्रेन प्लगच्या खाली डाग दिसला तर लगेच जास्त आवळू नका, आधी पुसून पुन्हा बघा. बऱ्याचदा तो भरताना कवचावर सांडलेल्या ऑईलचा असतो.